बुरशीवर कोणतं औषध चालेल, हे प्रयोगशाळेत कसं तपासतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॅक्टेरियाचा कल्चर-सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट बऱ्याच जणांनी कधी ना कधी पाहिलेला असतो. औषधांची यादी आणि प्रत्येकासमोर एस (बुरशी-बॅक्टेरिया औषधाला दाद देतात) किंवा आर (दाद देत नाहीत). बुरशीचा रिपोर्ट हाती आला की मात्र गोंधळ होतो. कधी औषधांची यादीच नसते, कधी नुसते आकडे असतात, कधी "चाचणीची गरज नाही" एवढंच लिहिलेलं असतं. रुग्णांचे नातेवाईक, निवासी डॉक्टर आणि लॅब टेक्निशियन या तिघांकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

हे सगळं तंतुमय बुरशींबद्दल आहे: ॲस्परजिलस, म्युकर गटातल्या बुरशी, फ्युजेरियम आणि गजकर्णाच्या बुरशी. कॅन्डिडासारख्या यीस्टची चाचणी बरीच सोपी आणि वेगळी असते, त्यामुळे तिचा उल्लेख गरजेपुरताच येईल.

या चाचणीत नेमकं काय करतात?

रुग्णाच्या नमुन्यातून वाढवलेल्या बुरशीचे बीजाणू ठराविक संख्येत घेतात आणि औषधाच्या वेगवेगळ्या प्रमाणांसोबत वाढायला ठेवतात. यासाठी ९६ खळग्यांची प्लास्टिकची प्लेट वापरतात. एका ओळीत एकच औषध असतं आणि प्रत्येक खळग्यात त्याचं प्रमाण आधीच्या निम्मं होत जातं: १६, ८, ४, २, १, ०.५ असं करत ०.०३ मायक्रोग्रॅम प्रति मिलिपर्यंत. शेवटच्या खळग्यात औषध नसतं. तिथे बुरशी जोमाने वाढलीच पाहिजे, नाहीतर सगळी चाचणी बाद. ज्या सर्वांत कमी प्रमाणाला बुरशीची वाढ थांबते, तो आकडा म्हणजे एमआयसी.

रिपोर्टला इतके दिवस का लागतात? लॅब उशीर करते का?

नाही. बुरशीच सावकाश वाढते. आधी ती नमुन्यातून उगवावी लागते. ॲस्परजिलसला दोन-तीन दिवस पुरतात, गजकर्णाच्या बुरशीला दोन-तीन आठवडेही लागतात. मग ती शुद्ध स्वरूपात दुसऱ्या माध्यमावर वाढवून तिला भरपूर बीजाणू येऊ द्यावे लागतात, कारण चाचणी बीजाणूंवरच होते. त्यानंतर प्रत्यक्ष चाचणी: म्युकर गटासाठी साधारण २४ तास, ॲस्परजिलस आणि फ्युजेरियमसाठी ४८ तास, सेडोस्पोरियम या आणखी एका तंतुमय बुरशीसाठी ७२ तासांच्या आसपास. सगळी बेरीज केली तर आठवडा-दहा दिवस सहज होतात.

म्हणूनच गंभीर संसर्गात औषध सुरू करायला या रिपोर्टची वाट पाहायची नसते. सूक्ष्मदर्शकाखाली केओएच माउंट (नमुन्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकून थेट बुरशी पाहणं) तासाभरात होतो आणि पहिलं औषध त्यावर ठरतं. सेन्सिटिव्हिटीचा उपयोग पुढे होतो, औषध बदलायचं की चालू ठेवायचं हे ठरवताना.

नमुना कसा पाठवायचा?

सगळ्यांत जास्त कामं इथे बिघडतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा ऑपरेशन थिएटरमधून सवयीने फॉर्मेलिनच्या बाटलीत टाकला जातो. फॉर्मेलिनमध्ये बुरशी मरते. त्या तुकड्यावर पॅथॉलॉजीची तपासणी उत्तम होते, पण कल्चर होणं अशक्य आणि कल्चर नाही म्हणजे सेन्सिटिव्हिटीही नाही. तुकड्याचे दोन भाग करा. एक फॉर्मेलिनमध्ये पॅथॉलॉजीला आणि दुसरा निर्जंतुक डबीत थोड्या नॉर्मल सलाईनमध्ये मायक्रोबायोलॉजीला. सलाईन तुकडा ओला राहण्यापुरतं हवं, डबी भरून नको.

दुसरी गोष्ट लॅबवाल्यांसाठी. म्युकरची शंका असेल तर तुकडा खलबत्त्यात किंवा होमोजिनायझरमध्ये वाटू नका. म्युकर गटाच्या तंतूंना आडव्या भिंती जवळजवळ नसतात; ते चिरडले की आतलं सगळं बाहेर येतं आणि बुरशी मरते. केओएचमध्ये रुंद, फितीसारखे तंतू भरभरून दिसतात आणि कल्चरमध्ये मात्र काहीच येत नाही, याचं हे एक मोठं कारण आहे. निर्जंतुक ब्लेडने मिलिमीटरभराचे तुकडे करा आणि ते माध्यमात हलकेच रोवा.

कापसाच्या बोळ्यावर घेतलेला स्वॅब शक्यतो टाळा. त्यावर पुरेशी बुरशी येत नाही आणि आली तरी ती आतल्या ऊतीतली की वरवरची, हे सांगता येत नाही.

कल्चरमध्ये बुरशी आली, पण लॅबने सेन्सिटिव्हिटी केली नाही. का?

बहुतेक वेळा लॅबचं बरोबर असतं. ॲस्परजिलसचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. बेडक्यात एक-दोन वसाहती आल्या म्हणजे रुग्णाला संसर्ग आहेच असं नाही. ज्या बुरशीमुळे आजारच नाही, तिची सेन्सिटिव्हिटी करून छापली तर कुणीतरी ती वाचून औषध सुरू करतं. व्होरिकोनॅझोल काय किंवा ॲम्फोटेरिसिन काय, ही औषधं यकृत-मूत्रपिंडाला सहज झेपणारी नाहीत.

चाचणी करावी अशा वेळा ठरलेल्या आहेत: निर्जंतुक जागेतून (मेंदू, सायनसची ऊती, फुप्फुसाची बायॉप्सी, डोळ्याच्या आतलं द्रव) बुरशी आली असेल, योग्य औषध योग्य मात्रेत देऊनही रुग्ण सुधारत नसेल, रुग्णाने आधी बराच काळ ॲझोल गटातलं औषध (इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल वगैरे) घेतलं असेल, किंवा आलेली बुरशी दुर्मिळ असेल. यांपैकी काही असेल तर डॉक्टरांनी लॅबला फोन करून तसं सांगावं. मागणीच्या कागदावर ही माहिती क्वचितच लिहिलेली असते.

नुसतं बुरशीचं नाव कळलं तर औषध ठरवता येतं का?

बऱ्याच अंशी हो, आणि माझ्या मते हाच या कामाचा गाभा आहे. अचूक नाव ही अर्धी सेन्सिटिव्हिटी आहे. काही बुरशी जन्मतःच काही औषधांना दाद देत नाहीत. ॲस्परजिलस टेरियसवर ॲम्फोटेरिसिन चालत नाही. म्युकर गटावर व्होरिकोनॅझोल चालत नाही आणि कॅस्पोफंजिन गटही एकट्याने उपयोगाचा नाही. फ्युजेरियमवर कॅस्पोफंजिन गट निष्प्रभ. लोमेंटोस्पोरा प्रोलिफिकन्स तर हाती असलेल्या जवळजवळ सगळ्या औषधांना पुरून उरते. आणि फ्लुकोनॅझोल, जे कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं, ते ॲस्परजिलसवर मुळीच काम करत नाही. त्यासाठी चाचणी करण्यातही अर्थ नाही.

म्हणून "ॲस्परजिलस स्पीशीज" एवढंच लिहून आलेला रिपोर्ट अपुरा समजा. फ्युमिगेटस, फ्लेव्हस, टेरियस की नायजर, हे विचारा. आणखी एक अडचण अशी की ॲस्परजिलस लेंट्युलससारख्या काही जाती दिसायला हुबेहूब फ्युमिगेटससारख्या असतात, पण औषधांना कमी दाद देतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या वेगळ्या ओळखू येत नाहीत. माल्डी-टॉफ (प्रथिनांवरून बुरशी ओळखणारं यंत्र) किंवा बीटा-ट्युब्युलिन जनुकाचं सिक्वेन्सिंग लागतं. वसाहत पांढुरकी राहते, बीजाणू कमी येतात आणि एमआयसी मात्र अनपेक्षित चढे, असं दिसलं तर आधी नावावर शंका घ्या.

टेक्निशियन म्हणून मला पायऱ्या हव्या आहेत. प्रत्यक्षात काय करायचं?

पोटॅटो डेक्स्ट्रोज अगारच्या तिरक्या नळीवर बुरशी ३५ अंशांवर वाढवा. ॲस्परजिलसला चांगले बीजाणू यायला काही दिवस लागतात. नळीत साधारण एक मिलि निर्जंतुक सलाईन घाला, त्यात ट्वीनचा अगदी लहान थेंब असू द्या. ॲस्परजिलसचे बीजाणू पाण्याला धरून राहत नाहीत. ट्वीन नसेल तर ते पृष्ठभागावर तरंगतात आणि हवेत उडतात. पिपेटच्या टोकाने वसाहत अलगद खरवडा. खोल गेलात तर अगार आणि तंतू दोन्ही येतात.

हे मिश्रण दुसऱ्या नळीत घेऊन तीन ते पाच मिनिटं तसंच उभं ठेवा. तंतूंचे गठ्ठे खाली बसतात. वरचा भाग तेवढा नवीन नळीत घ्या आणि पंधरा सेकंद व्होर्टेक्स करा. ही पाच मिनिटं घाईत वाचवली की सगळी चाचणी वाकडी जाते, कारण तंतूंचा एकेक गठ्ठा यंत्राला एक कण वाटतो आणि प्लेटमध्ये मात्र तो अनेक बीजाणूंइतका वाढतो. युकास्ट या युरोपातल्या संस्थेच्या पद्धतीत यासाठी ११ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळायला सांगितलं आहे आणि ते मला अधिक भरवशाचं वाटतं.

मग स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ५३० नॅनोमीटरला गढूळपणा मोजा. ॲस्परजिलससाठी ०.०९ ते ०.१३, फ्युजेरियमसाठी ०.१५ ते ०.१७. हा फरक का? बीजाणूंचा आकार आणि रंग वेगळा असल्यामुळे तेवढ्याच गढूळपणात संख्या वेगळी भरते. ॲस्परजिलस नायजरचे काळे बीजाणू तर प्रकाश शोषूनही घेतात. शंका असेल तर न्यूबाउअर चेंबरमध्ये मोजून खात्री करा. यानंतर आरपीएमआय माध्यमात पन्नास पट पातळ करा आणि प्रत्येक खळग्यात औषधाच्या १०० मायक्रोलिटर द्रावणावर १०० मायक्रोलिटर घाला. औषध निम्मं पातळ होणार, म्हणून ते आधी दुप्पट तीव्रतेचं बनवलेलं असतं. हे विसरलं की सगळे एमआयसी एका पायरीने चुकतात.

माध्यम आरपीएमआय १६४०, ग्लुटामिनसह आणि बायकार्बोनेटशिवाय, मॉप्सने पीएच ७.० ला स्थिर केलेलं. पीएच घसरला तर ॲम्फोटेरिसिन आणि ॲझोल दोन्हींचे आकडे बदलतात. ॲम्फोटेरिसिन पाण्यात विरघळत नाही, डीएमएसओ लागतो. आणि ते प्रकाशाने खराब होतं, म्हणून नळीला फॉइल गुंडाळा. तयार साठा उणे ७० अंशांवर छोट्या-छोट्या भागांत ठेवा. एकदा वितळवलेला भाग पुन्हा गोठवू नका. गोळी कुटून किंवा इंजेक्शनची बाटली फोडून चाचणीचं औषध बनवू नये. त्यात इतर घटक असतात आणि खरं प्रमाण हाती लागत नाही. शुद्ध पावडरच हवी.

प्रत्येक बॅचसोबत नियंत्रणाची बुरशी लावा. कॅन्डिडा परासायलोसिस एटीसीसी २२०१९ आणि कॅन्डिडा क्रुसेई एटीसीसी ६२५८ या दोन बहुतेक लॅबमध्ये असतात. त्यांचे आकडे ठरलेल्या मर्यादेत आले नाहीत तर त्या दिवशीचा एकही रिपोर्ट बाहेर जाऊ देऊ नका. कितीही फोन आले तरी.

आणि हे सगळं क्लास टू सेफ्टी कॅबिनेटमध्ये. उघड्या टेबलावर ॲस्परजिलसची नळी उघडली की पुढच्या नमुन्यांत तीच बुरशी येऊ लागते.

सीएलएसआय आणि युकास्ट म्हणजे काय? दोन लॅबचे आकडे का जुळत नाहीत?

या दोन संस्था चाचणीचे नियम ठरवतात, पहिली अमेरिकेतली आणि दुसरी युरोपातली. तंतुमय बुरशींसाठी सीएलएसआयचा दस्तऐवज एम३८ या नावाने ओळखला जातो आणि युकास्टचा ई.डेफ ९ या नावाने. तत्त्व एकच, तपशील वेगळा. युकास्टच्या माध्यमात ग्लुकोज २ टक्के असतं, सीएलएसआयच्या ०.२ टक्के. युकास्टमध्ये बीजाणूंची संख्या सुमारे दसपट जास्त असते. त्यामुळे आकड्यांत थोडा फरक पडतो आणि एका संस्थेच्या पद्धतीने मोजून दुसरीच्या मर्यादेने अर्थ लावणं चूक ठरतं. रिपोर्टवर पद्धतीचं नाव असलंच पाहिजे; नसेल तर विचारा.

शिवाय एकाच लॅबमध्ये एकच बुरशी दोनदा तपासली तरी आकडा एक पायरी वर-खाली होऊ शकतो. आज ०.५ आणि उद्या १ आला तर बुरशी बदललेली नाही. ०.५ चा ८ झाला तर मात्र काहीतरी घडलं आहे.

प्लेट वाचताना "वाढ थांबली" हे कसं ठरवायचं?

ॲम्फोटेरिसिन, इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल, पोसाकोनॅझोल यांच्यासाठी खळगा पूर्ण स्वच्छ दिसला पाहिजे. प्लेटखाली आरसा ठेवून खालून बघा; तळाशी एकच धूसर ठिपका असला तरी ती वाढच.

कॅस्पोफंजिन, मायकाफंजिन, ॲनिड्युलाफंजिन यांचं तंत्र निराळं. ही औषधं बुरशीची भिंत बनणं बिघडवतात, पण वाढ पूर्ण थांबवत नाहीत. खळगा कधीच स्वच्छ होत नाही. पसरलेल्या, कापसासारख्या तंतूंच्या जागी आखूड, जाड, गोळा झालेले पुंजके दिसू लागतात. हा बदल ज्या सर्वांत कमी प्रमाणाला दिसतो, त्या आकड्याला एमईसी म्हणतात. नवशिक्या टेक्निशियनने औषध नसलेला खळगा शेजारी ठेवून भिंगातून दोन्ही पाहावेत. एकदा डोळ्यांत बसलं की पुन्हा चूक होत नाही.

रिपोर्टवर आकडा आहे, पण एस किंवा आर नाही. रिपोर्ट अर्धवट आहे का?

नाही, तो प्रामाणिक आहे. एस किंवा आर लिहायला मर्यादा लागते आणि ती मर्यादा ठरवायला रुग्ण बरे झाले की नाही याची पुरेशी माहिती लागते. तंतुमय बुरशींच्या बाबतीत ही माहिती फार थोड्या जोड्यांपुरती आहे. सीएलएसआयकडे ॲस्परजिलस फ्युमिगेटस आणि व्होरिकोनॅझोल या जोडीची मर्यादा आहे: ०.५ किंवा कमी म्हणजे एस, १ म्हणजे मधलं, २ किंवा जास्त म्हणजे आर. युकास्टने ॲस्परजिलसच्या काही जातींसाठी आणखी काही औषधांच्या मर्यादा दिल्या आहेत. उदाहरणार्थ फ्युमिगेटस आणि ॲम्फोटेरिसिनसाठी १ पर्यंत एस. म्युकर गट आणि फ्युजेरियमसाठी अशा मर्यादा नाहीत.

जिथे मर्यादा नाही, तिथे दुसरा आधार घेतात. त्या जातीच्या पुष्कळ नमुन्यांचे एमआयसी गोळा करून नैसर्गिक, न बदललेल्या बुरशीचा आकडा कुठवर जातो ते पाहतात. त्या वरच्या टोकाला ईसीव्ही किंवा ईसीओएफएफ म्हणतात. सीएलएसआयच्या पद्धतीने ॲस्परजिलस फ्युमिगेटससाठी इट्राकोनॅझोल आणि व्होरिकोनॅझोल दोन्हींचा ईसीव्ही १ आहे, ॲम्फोटेरिसिनचा २. आकडा त्याच्या वर गेला तर बुरशीने काहीतरी बदल कमावला आहे असं म्हणता येतं. आकडा आत असला तर "बदल दिसत नाही" एवढंच म्हणता येतं. "औषध लागू पडेल" हे त्यातून निघत नाही. ॲस्परजिलस टेरियसचा ॲम्फोटेरिसिनचा आकडा तिच्या जातीसाठी अगदी नेहमीचा असू शकतो आणि तरी औषध निकामी ठरतं.

पोसाकोनॅझोलचा एमआयसी ०.२५ आणि ॲम्फोटेरिसिनचा १. म्हणजे पोसाकोनॅझोल चौपट चांगलं?

असा हिशोब करू नका. प्रत्येक औषध रक्तात आणि ऊतीत वेगळ्या प्रमाणात पोचतं. दोन औषधांचे आकडे शेजारी-शेजारी ठेवून तुलना करण्यात काहीच अर्थ नाही. एका औषधाचा आकडा फक्त त्याच औषधाच्या मर्यादेशी ताडायचा.

रिपोर्टमध्ये एस आहे, तरी रुग्ण सुधारत नाही. चाचणी चुकली का?

चाचणीत फक्त बुरशी आणि औषध असतात. रुग्णाची साखर, पांढऱ्या पेशी, सडलेली ऊती यांतलं काहीही प्लेटमध्ये नसतं. बुरशी आणि बॅक्टेरिया दोन्हींच्या अनुभवातून एक ढोबळ नियम सांगितला जातो: एस असेल तर साधारण ९० टक्के संसर्ग बरे होतात, आर असेल तरी ६० टक्के. आक्रमक बुरशीत, विशेषतः प्रतिकारशक्ती ढासळलेल्या रुग्णात, हे आकडे इतके चांगले नसतात. आर असेल तर अपयशाची शक्यता वाढते, हे मात्र खरं.

प्रत्यक्षात मी पहिला प्रश्न विचारते तो औषधाच्या पातळीचा. व्होरिकोनॅझोल प्रत्येकाच्या यकृतात वेगळ्या वेगाने मोडतं. रक्तातली पातळी १ ते ५.५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिच्या दरम्यान राहावी लागते. इट्राकोनॅझोलची कॅप्सूल जेवणाबरोबर घ्यावी लागते आणि ॲसिडिटीच्या गोळीने तिचं शोषण कमी होतं. आपल्याकडे अगदी महत्त्वाचं म्हणजे टीबीचं रिफॅम्पिसिन. ते चालू असेल तर इट्राकोनॅझोल आणि व्होरिकोनॅझोल दोन्हींची पातळी इतकी घसरते की औषध दिलं काय नि न दिलं काय. जुन्या टीबीच्या पोकळीत ॲस्परजिलस बसलेले रुग्ण आपल्याकडे भरपूर आहेत, त्यामुळे हा प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहतो.

म्युकरमायकोसिसमध्ये सेन्सिटिव्हिटीचा उपयोग किती?

मर्यादित. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत भारतात या आजाराचे हजारो रुग्ण आले. महाराष्ट्र आणि गुजरातला सर्वाधिक झळ बसली. अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइड ही त्यामागची मुख्य कारणं होती. त्या काळात नातेवाईक ॲम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी जिल्हे पालथे घालत होते आणि सोबत विचारत होते की सेन्सिटिव्हिटी करून दुसरं स्वस्त औषध चालेल का ते सांगा. खरं उत्तर द्यावं लागायचं: व्होरिकोनॅझोल आणि फ्लुकोनॅझोल चालत नाहीत हे चाचणीशिवायच माहीत आहे आणि ॲम्फोटेरिसिनसाठी एमआयसीची मर्यादाच ठरलेली नाही. सडलेला भाग काढणं, साखर आटोक्यात आणणं आणि ॲम्फोटेरिसिन लगेच सुरू करणं, हेच तिथे जीव वाचवतं.

तरीही बुरशी ओळखून तिचा एमआयसी नोंदवून ठेवावा. पुढे गोळीवर जायची वेळ येते तेव्हा पोसाकोनॅझोल आणि आयसाव्हुकोनॅझोल यांत निवड करताना तो कामी येतो, कारण म्युकर गटात जातीगणिक या दोघांचे आकडे बरेच बदलतात. आपल्याकडे रायझोपस अरायझस सर्वांत जास्त, पण अपघातातल्या मातीच्या जखमांत अपोफायसोमायसिसही येते. ही बुरशी नेहमीच्या माध्यमावर बीजाणूच धरत नाही. पाण्यातल्या अगारच्या तुकड्यांवर तिला उपाशी ठेवावं लागतं.

ॲस्परजिलसमधला ॲझोल-प्रतिरोध भारतात आहे का? त्याचा शेतीशी संबंध काय?

आहे. ॲझोल औषधं बुरशीच्या ज्या एन्झाइमवर काम करतात, त्याचं जनुक म्हणजे सीवायपी५१ए. टीआर३४/एल९८एच नावाच्या बदलात या जनुकाच्या आधीचा ३४ अक्षरांचा तुकडा दुप्पट होतो आणि जनुकातली एक जागाही बदलते. परिणामी इट्राकोनॅझोल जवळजवळ निकामी होतं आणि बाकीची ॲझोलही कमकुवत पडतात. नेदरलँड्समध्ये १९९८ च्या रुग्णांच्या नमुन्यांपर्यंत याचा माग लागतो. भारतात दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटच्या चमूने २०१२ मध्ये मातीतून आणि परिसरातून अशाच प्रकारची बुरशी दाखवून दिली.

परिसरातून, हे इथे महत्त्वाचं. ज्या रुग्णाने आयुष्यात ॲझोल घेतलेलं नाही, त्याच्यातही हा प्रतिरोध सापडतो, कारण पिकांवर फवारली जाणारी टेब्युकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल, डायफेनोकोनॅझोल ही औषधं त्याच घराण्यातली आहेत. द्राक्षावरच्या भुरीसाठी नाशिक-सांगलीकडच्या बागायतदारांना ट्रायझोल गट चांगला ओळखीचा आहे. शेतकऱ्याला दोष देण्याचा हा मुद्दा नाही. भुरीने बाग गेली तर त्याचं वर्ष जातं. पण फुप्फुसाच्या ॲस्परजिलसचा रुग्ण समोर आला तर त्याचा व्यवसाय विचारून मागणीच्या कागदावर लिहावा असं मला कळकळीने वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये बुरशींची जी प्राधान्य-यादी काढली, तिच्या सर्वांत वरच्या गटात ॲस्परजिलस फ्युमिगेटस आहे.

लहान लॅबला हा प्रतिरोध तपासता येईल का?

येईल, आणि हे जिल्ह्याच्या पातळीवर सुरू व्हावं. चार खणांची अगार प्लेट घ्या: एका खणात इट्राकोनॅझोल ४, दुसऱ्यात व्होरिकोनॅझोल २, तिसऱ्यात पोसाकोनॅझोल ०.५ मिलिग्रॅम प्रति लिटर आणि चौथा खण औषधाशिवाय. चारही खणांत बीजाणू टाका आणि दोन दिवस ठेवा. फक्त चौथ्या खणात वाढ झाली तर ॲझोल-प्रतिरोध असण्याची शक्यता फार कमी. औषधाच्या एखाद्या खणात वाढ दिसली तर ती बुरशी संदर्भ प्रयोगशाळेला पाठवून एमआयसी काढून घ्या.

एकाच वसाहतीवर थांबू नका. एका रुग्णाच्या फुप्फुसात प्रतिरोधी आणि साधी अशी दोन्ही बुरशी एकत्र असू शकते. शक्य असेल तर पाच वसाहतींपर्यंत तपासा.

डिस्क किंवा ई-टेस्टसारखी पट्टी चालते का? ऑटोमेटेड यंत्रावर होत नाही का?

पट्टी ॲस्परजिलससाठी बरी चालते, फक्त कडेचे तंतू पाहून गोंधळू नये आणि संशयास्पद निकाल ब्रॉथ पद्धतीने (वरची ९६ खळग्यांची) पडताळावा. डिस्कची सीएलएसआय पद्धत आहे, साध्या म्युलर-हिंटन अगारवर. पण तिच्या आधारे उपचार ठरवायला मर्यादा नाहीत. व्हायटेक २ चं बुरशीचं कार्ड यीस्टसाठी आहे, त्यात तंतुमय बुरशी घालू नये.

गजकर्ण वर्षभर जात नाही. त्याची सेन्सिटिव्हिटी करावी का?

हल्ली हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि तो रास्त आहे. गेल्या काही वर्षांत भारतभर हट्टी, पसरणारं, उपचारानंतर पुन्हा उलटणारं गजकर्ण वाढलं आहे. त्यामागची मुख्य बुरशी ट्रायकोफायटॉन इंडोटिनी; २०२० मध्ये जपानमध्ये भारतीय आणि नेपाळी रुग्णांपासून मिळालेल्या नमुन्यांवरून तिला हे नाव मिळालं. तिच्यातल्या अनेक वाणांत स्क्वालीन इपॉक्सिडेज या एन्झाइमच्या जनुकात बदल असतो, बहुधा ३९७ व्या जागी, आणि टर्बिनाफिन तिथेच काम करतं. साध्या बुरशीचा टर्बिनाफिनचा एमआयसी ०.०६ च्या खाली असतो. बदललेल्या बुरशीत तो १ च्या वर, कधी ३२ पर्यंतही जातो.

पण सगळं खापर प्रतिरोधावर फोडता येत नाही. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय घेतलेलं स्टिरॉइड मिसळलेलं क्रीम खाज दोन दिवसांत थांबवतं आणि बुरशी मात्र पसरवतं. घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी उपचार न झाल्यामुळे ती पुन्हा येत राहते. इट्राकोनॅझोल किंवा टर्बिनाफिन सांगितलेल्या मुदतीच्या आधीच बंद केलं जातं. हे सगळं तपासल्यावरही गजकर्ण हटत नसेल तर जरूर चाचणी करा.

चाचणीसाठी क्रीम आणि पावडर किमान काही दिवस बंद ठेवून यावं लागतं, नाहीतर कल्चर निगेटिव्ह येतं. लॅबसाठी सूचना: युकास्टने ट्रायकोफायटॉनसाठी वेगळी पद्धत दिली आहे, ई.डेफ ११. यात माध्यमात सायक्लोहेक्सिमाइड आणि क्लोरॅम्फेनिकॉल असतं, तापमान २५ ते २८ अंश, पाच ते सात दिवस, आणि वाढ निम्म्याने घटली की तो एमआयसी. ॲस्परजिलसची पद्धत जशीच्या तशी इथे लावू नका.

डोळ्यातल्या बुरशीच्या अल्सरमध्ये आकड्यांवर विसंबावं का?

उसाच्या पात्याने किंवा भाताच्या लोंबीने डोळ्याला खरचटलं आणि चार-पाच दिवसांत पांढरा डाग पडला, तर बुरशीचा विचार आधी करावा. फ्युजेरियम आणि ॲस्परजिलस फ्लेव्हस या दोन नेहमीच्या. इथे एमआयसी फार फसवतो. नॅटामायसिनचे आकडे ॲस्परजिलस फ्लेव्हससाठी अनेकदा ३२ च्या आसपास येतात आणि कागदावर ते औषध निरुपयोगी वाटतं. पण ५ टक्के थेंब म्हणजे एका मिलित ५० मिलिग्रॅम. डोळ्याच्या पृष्ठभागावर औषध रक्तातल्या औषधाच्या तुलनेत प्रचंड प्रमाणात असतं. उलट प्लेटमध्ये व्होरिकोनॅझोलचे आकडे सुंदर दिसतात. दक्षिण भारतात झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या तुलनात्मक चाचणीत मात्र नॅटामायसिनचे थेंब व्होरिकोनॅझोलच्या थेंबांपेक्षा सरस ठरले आणि फ्युजेरियममध्ये हा फरक सर्वांत स्पष्ट होता. रक्तातल्या पातळीवर ठरवलेल्या मर्यादा डोळ्याच्या थेंबांना लावू नयेत.

दोन औषधं एकत्र दिली तर चालतील का, याची चाचणी होते का?

चेकरबोर्ड पद्धतीने होते: एकाच प्लेटमध्ये दोन्ही औषधांची वेगवेगळी प्रमाणं एकत्र करून पाहतात. पण तिचा निकाल आणि रुग्णाचा निकाल यांचं नातं अजून पक्कं नाही, म्हणून रोजच्या कामात करत नाहीत.

पीसीआरने थेट प्रतिरोध कळतो का?

टीआर३४ आणि टीआर४६ हे नेहमीचे बदल ब्राँकोस्कोपीच्या द्रवातून थेट शोधणारे पीसीआर संच आहेत. कल्चर निगेटिव्ह असताना ते मोलाचे ठरतात. मात्र पीसीआरला जे बदल शिकवलेत तेवढेच तो शोधतो. निगेटिव्ह आला म्हणजे बुरशी औषधाला दाद देईलच असं नाही.

आमच्या गावात ही चाचणी होत नाही. नमुना कुठे पाठवायचा आणि कसा?

मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या मायक्रोबायोलॉजी विभागांत आधी चौकशी करा. अवघड बुरशीसाठी चंदीगडच्या पीजीआयएमईआरमध्ये रोगकारक बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे आणि तिथे संदर्भ-तपासणीही होते. लांब पाठवायचं असेल तर नमुना नव्हे, वाढलेली बुरशी पाठवा: स्क्रू-कॅपच्या नळीत, तिरक्या अगारवर, झाकण घट्ट आणि पॅराफिल्मने बंद, तिहेरी वेष्टनात. प्लेट कुरियरने पाठवू नका, ती उघडते. नळीवर रुग्णाचा लॅब क्रमांक, नमुन्याची जागा आणि कल्चरची तारीख लिहा, आणि सोबतच्या कागदावर आतापर्यंत दिलेली बुरशीची औषधं किती दिवस दिली तेही.

डॉक्टरांना एक विनंती: रुग्ण गंभीर असेल तर पहिल्याच दिवशी लॅबला सांगा की ही बुरशी टाकून देऊ नका. बऱ्याच लॅब रिपोर्ट गेल्यावर प्लेटा ऑटोक्लेव्ह करतात आणि तीन आठवड्यांनी जेव्हा सेन्सिटिव्हिटीची खरी गरज पडते, तेव्हा तपासायला काहीच उरलेलं नसतं.